हेटीचा सिंह

म्युरिएल टनिक्लिफ कुणाकडे चहाला गेली की आधी बशी उलटी करून बघायची. तशी ही खोड इंग्लंडातल्या लाँगटनमध्ये सगळ्यांनाच. गावच चिनीमातीवर पोसलेलं. लग्नाचं जेवण असो की मयताच्या घरचा चहा, माणूस आधी ताटलीच्या बुडाचा ठसा वाचणार आणि मगच घास तोंडात घालणार. बाकीचे ठसा वाचून कारखान्याचं नाव सांगत. म्युरिएल साल सांगायची, भट्टीत आच कमी पडली होती का ते सांगायची, आणि सोनेरी कड ओढणाऱ्या बाईचा हात त्या दिवशी थरथरत होता, हेही सांगायची.

तिची जन्मभराची आवड म्हणजे राजघराण्याची भांडी. राज्याभिषेक, लग्नं, बारशी, राज्यारोहणाची पंचवीस वर्षं, अशा प्रत्येक निमित्तानं गावच्या कारखान्यांनी काढलेले पेले, ताटल्या, चहाचे डबे. पहिला पेला तिला त्रेपन्न सालच्या राज्याभिषेकाला कारखान्यातून मिळाला. पुढे तिच्या घरातली पुढची खोली छतापर्यंत भरली. नवरा क्लेम म्हणायचा, "आमच्या घरात मी सोडून सगळ्यांच्या डोक्यावर मुकुट आहे."

म्युरिएल चार वर्षांची असताना आई छातीच्या दुखण्यानं गेली. वडील भट्टीवर कामाला, घरी येत ते फक्त झोपायला. तिला वाढवलं थोरल्या बहिणीनं, हेटीनं. दोघींत चौदा वर्षांचं अंतर. हेटीनं तिची वेणी घातली, तिला गोवरातून उशाशी बसून काढलं, तिच्या शाळेच्या बुटांसाठी स्वतःच्या बुटांत पुठ्ठे घातले. हेटी गार्साइडच्या कारखान्यात चित्रकाम करायची. फुलं, पानं, पक्षी, जे सांगतील ते. तिचं लग्न ठरत ठरत राहिलं. का राहिलं ते कुणी विचारलं नाही, आणि म्युरिएलनं तर नाहीच.

चौदाव्या वर्षी म्युरिएलही गार्साइडमध्ये लागली, पण रंगाच्या खोलीत नव्हे, निवडीच्या. भट्टीतून आलेलं प्रत्येक भांडं हातात घ्यायचं, नखानं टिचकी मारायची, आवाज ऐकायचा. घंटेसारखा वाजला तर चांगलं. बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. डाग दिसला की वेगळं, चीर दिसली की फोडून ढिगाऱ्यावर. अठरा वर्षं तिनं हेच केलं. मोठी बहीण भांडं सजवायची आणि धाकटी त्यात खोट शोधायची. खोट शोधणाऱ्याची नजर हळूहळू इतकी सरावते, की तिला दुसरं काही दिसेनासं होतं. पण हे म्युरिएलला कळायला फार वर्षं गेली.

सत्तरच्या दशकात तिचं नाव झालं होतं. मेथडिस्ट चॅपलच्या हॉलमध्ये संग्राहकांचं मंडळ भरायचं, त्याची ती प्रमुख. जाड वह्यांमध्ये तिनं गावातल्या प्रत्येक कारखान्याचा प्रत्येक ठसा, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, असा उतरवून ठेवला होता. स्टॅफर्डहून, क्रूहून लोक टॉवेलात गुंडाळून भांडी घेऊन येत. ती पेल्याची कड हलकेच दातांवर टेकवायची. नंतर कुणी रंग चढवून डागडुजी केली असेल तर दाताला ती मऊ लागते. "बाई चावून किंमत सांगतात," असं लोक हसत म्हणायचे, आणि ती जे सांगेल ते ब्रह्मवाक्य मानायचे.

सत्त्याहत्तरच्या जूनमध्ये राणीला गादीवर बसून पंचवीस वर्षं झाल्याचा उत्सव होता. गल्लीगल्लीत पताका, रस्त्यात टेबलं मांडून जेवणं. मंडळानं हॉलमध्ये पारखीचा दिवस ठेवला. रांग दाराबाहेर गेली. लंडनच्या एका लिलावघरातून मिस्टर ऑलिफंट नावाचे गृहस्थ मुद्दाम आले होते. उंच, करड्या सुटातले, सौम्य बोलणारे. म्युरिएलच्या शेजारी खुर्ची घेऊन ते नुसते बघत बसले होते. ती आतून फुलून गेली होती. निवडीच्या खोलीतली पोर, आणि लंडनचा माणूस तिचं काम बघायला बसलाय!

रांगेत दर तिसऱ्या हातात सदतीस सालच्या न झालेल्या राज्याभिषेकाचा पेला होता. एक जाड बाई तर हटूनच बसल्या.

"राजानं एका बाईपायी गादी सोडली, आणि आमचा पेला मातीमोल? असं कसं? अभिषेकच झाला नाही म्हणजे हा दुर्मिळ नको?"

"राजानं गादी सोडली डिसेंबरात," म्युरिएल म्हणाली. "तोवर गावातल्या भट्ट्या वर्षभर तेच भाजत होत्या. अभिषेक झाला नाही, पण पेले झाले, लाखोंनी. तुमच्या गल्लीतच वीस निघतील, डक." इथं सगळे सगळ्यांनाच प्रेमानं डक म्हणतात, पण म्युरिएलच्या तोंडून ते निकालासारखं वाटायचं.

"मेला राजा," बाई पेला पिशवीत कोंबत म्हणाल्या. "गादीही गेली आणि पेलाही!"

हॉल खदखदून हसला. मिस्टर ऑलिफंटही हसले.

आणि तिच्या मागून पुढे आली ती हेटी.

म्युरिएलला ती रांगेत असल्याचं ठाऊकच नव्हतं. हेटी बासष्ट वर्षांची, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. दोन गल्ल्यांपलीकडे राहायची. रविवारी दुपारी दोघी एकत्र जेवायच्या. तिला हवं तेव्हा घरी येऊन दाखवता आलं असतं. पण ती निळी टोपी घालून, दोन तास उभी राहून, सगळ्यांसारखी रांगेतून आली होती. तिनं टेबलावर चहाचं फडकं उलगडलं. आत दोन कानांचा मोठा पेला होता. मध्ये अभिषेक न झालेल्या त्या राजाची आद्याक्षरं, एका बाजूला राजचिन्हातला एकशिंगी युनिकॉर्न, दुसऱ्या बाजूला सिंह.

"छत्तीस सालचा आहे," हेटी म्हणाली. आवाज जरा दबलेला, पण डोळे चमकत होते. "नोव्हेंबरात मोठ्या साहेबांनी तिघींकडून नमुने करून घेतले. हा माझा. राजा गेल्यावर तिन्ही फोडायला सांगितले. मी हा एप्रनखाली लपवून आणला. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा. तू पुढे निवडीत आलीस, तुला कुठं अडचणीत टाकायचं?"

म्युरिएलनं पेला घेतला. टिचकी मारली. घंटेसारखा वाजला. मग तिनं तो उलटा केला.

बुडाला गार्साइडचा मुकुटाचा ठसा होता. तिच्या वहीप्रमाणे हा ठसा अडतीस साली सुरू झाला. त्याच्या आधीचा एकही नग तिनं पाहिला नव्हता.

तिनं मान वर केली. समोर हेटी, शेजारी मिस्टर ऑलिफंट, मागे शंभर माणसं.

"हा छत्तीसचा नाही," ती म्हणाली. "हा ठसा अडतीसनंतरचा. हात तुझा आहे, ही बारीक रेघ तुझीच. पण लढाईनंतर कधीतरी केला असशील, जुन्या नक्षीवर हात बसवायला. पोरी करायच्या तसं."

"नाही गं. मी छत्तीस साली केला. मला आठवतंय ना."

"इथं येणाऱ्या प्रत्येकालाच काही ना काही आठवत असतं, हेटी. आठवणीवर साल लावता येत नाही." मागून कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं म्युरिएलला चेव आला. तिनं सिंह लोकांकडे फिरवला. "आणि हा बघा. हा सिंह म्हणायचा की जेवायला नको म्हणून रुसलेलं पोर? असा नमुना राजासाठी कोण करील? याला किंमत नाही. आठवण म्हणून ठेव."

हॉल पुन्हा हसला. सिंह खरोखरच रुसलेला दिसत होता. गाल फुगलेले, भुवया आवळलेल्या, आयाळ पोराच्या विस्कटलेल्या केसांसारखी.

हेटी वाकड्या बोटांनी फडक्याची टोकं जुळवू लागली. गाठ बसेना. मिस्टर ऑलिफंट उठून मदत करू लागले, तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या, राहू द्या." आणि म्युरिएलकडे न बघता, "तू म्हणतेस तर तसंच असेल."

संध्याकाळी मिस्टर ऑलिफंट म्हणाले, "सख्ख्या बहिणीलासुद्धा सूट नाही. मानलं तुम्हाला." म्युरिएल ते वाक्य घेऊन घरी आली आणि क्लेमला दोनदा ऐकवलं. क्लेम पाईप साफ करत होता. तो एवढंच म्हणाला, "हेटी जेवली का, विचारलंस?"

त्यानंतरही रविवार चालू राहिले. हेटी मटणाचा रस्सा करायची, म्युरिएल ओटची धिरडी आणि चीज घेऊन जायची. दोघी हवेवर बोलायच्या, शेजाऱ्यांवर बोलायच्या. पेल्याचा विषय हेटीनं कधी काढला नाही. म्युरिएलनंही नाही. तिला वाटलं, विषय संपला. त्या शरद ऋतूत चॅपलमध्ये जुन्या वस्तूंची विक्री झाली, तिथं हेटीनं दोन टोपल्या सामान देऊन टाकलं. त्यात काय होतं, म्युरिएलनं पाहिलं नाही.

एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत हेटी गेली. न्यूमोनियानं, आठ दिवसांत. शेवटच्या दिवशी ती शुद्धीवर होती. म्युरिएलच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "केस विंचर गं. काय हा अवतार." बस, एवढंच. म्युरिएलनं घर आवरलं, कपाट रिकामं केलं. पेला दिसला नाही. तिनं शोधलाही नाही.

पंच्याऐंशी साली गार्साइडचा कारखाना बंद पडला. कागदपत्रं संग्रहालयाला द्यायची होती. त्यांची छाननी करायला जाणकार माणूस हवा होता, आणि जाणकार म्हणजे म्युरिएल. थंड गोदामात, हातमोजे घालून, ती तीन आठवडे वह्या चाळत होती. तिसऱ्या आठवड्यात तिच्या हाती ठसे कोरणाऱ्याची वही आली.

मुकुटाचा ठसा. त्याच्याशेजारी तारीख: ऑक्टोबर १९३६. खाली बारीक अक्षरात: "राज्याभिषेकाच्या तीन नमुना पेल्यांसाठी. वापर सध्या थांबवला." आणि दोन पानांनंतर: "पुन्हा वापरात, मार्च १९३८."

तिनं वही मिटली. पुन्हा उघडली. ती अक्षरं तिथंच होती.

मग ती त्या सालातले सगळे कागद उपसू लागली. मुख्य चित्रकाराच्या टिपणवहीत तिन्ही नमुन्यांची रेखाटनं सापडली. तिसऱ्याखाली नाव होतं, हेटी ब्रिंडली. आणि शेरा: "युनिकॉर्न उत्तम. सिंहाला धाकट्या बहिणीचं तोंड दिलंय. विचारलं तर म्हणते, सिंह कधी पाहिला नाही, पण रुसलेली म्युरिएल रोज पाहते. गोड आहे, पण राजाला चालणार नाही."

गोदामाचा रखवालदार चहा घेऊन आला, तेव्हा ती खोक्यावर बसली होती. "बरं वाटत नाही का, डक?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "थंडी फार आहे इथं." चहाचा कप तिनं तसाच हातात धरला. तो उलटा करून बघायचंही तिला सुचलं नाही.

घरी येऊन तिनं क्लेमला उतरवून आणलेलं सगळं वाचून दाखवलं.

"तिनं सांगितलं होतं की तुला," तो म्हणाला.

"हो."

"मग वहीत बघायची काय गरज होती?"

ती हेटीला जन्मापासून ओळखत होती, आणि हेटी आयुष्यात एकदाही खोटं बोलली नव्हती. हा पुरावा तिच्या समोर निळी टोपी घालून उभा होता. तिनं मात्र बुडाचा ठसा वाचला.

त्या दिवसापासून ती पेल्याच्या मागे लागली. चॅपलच्या विक्रीत मदत करणाऱ्या बायकांच्या दारोदार फिरली. कुणाला आठवेना, कुणी वारलेली, कुणी मुलीकडे राहायला गेलेली. सात महिने गेले. शेवटी मिसेस बीच म्हणाल्या, "सिंहाचा होय? तो फेंटनच्या एथेल कॉटरिलनं नेला. हॉलभर हसत सुटली होती. पण ती आता नाही. नवरा आहे, रेज."

रेज कॉटरिल हा खाणीतून निवृत्त झालेला माणूस. छाती घरघरत असलेला. त्यानं दार उघडलं आणि म्युरिएलनं कामाचं सांगताच तो आत वळला. पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. एका कानाचं टोक उडालं होतं, आत चहाचा तपकिरी डाग बसला होता.

"विकायचा नाही," तो आधीच म्हणाला. "एथेल आजारी पडली ना, तेव्हा काही गिळवत नव्हतं तिला. चहा मात्र यातून प्यायची. म्हणायची, 'या सिंहाला माझ्याहून जास्त कंटाळा आलाय बघ.' शेवटपर्यंत हसली बाई त्याच्याकडे बघून."

"मी विकत मागायला आले नाही," म्युरिएल म्हणाली. खरं तर तीच इच्छा धरून ती आली होती. सगळा संग्रह देऊन टाकायची तिची तयारी होती. पण ते तोंडातून निघेना.

"मग?"

"हा कुणी केला ते सांगायला आले."

तिनं सांगितलं. ठसा, ऑक्टोबर, एप्रन, हॉल, रांग, हसणारी माणसं, काहीही न वगळता. सिंह कुणाचं तोंड घेऊन आला हे सांगितल्यावर रेजनं पेला उचलून खिडकीच्या उजेडात धरला, एकदा त्याकडे पाहिलं, एकदा म्युरिएलकडे.

"तुम्हीच की," तो म्हणाला. "भुवया त्याच."

त्यानं पेला तिच्या हातात दिला. तिनं टिचकी मारली नाही. दोन्ही कानांना धरून नुसती बसून राहिली.

"म्हणजे आता हा भारी मोलाचा झाला?" त्यानं विचारलं.

"तिन्हींतला एकच उरलेला. लिलावात लोक भांडतील याच्यासाठी."

"भांडू देत." त्यानं पेला परत घेतला आणि जागेवर ठेवला. थोड्या वेळानं, जरा ओशाळून, "मी तुम्हाला दिला असता, बाई. बहिणीचा आहे तुमच्या. पण सकाळी उठलो की आधी इकडेच बघतो मी. एथेल तिथं उभी असायची."

"नका देऊ," म्युरिएल म्हणाली. तिनं पर्समधून कागद काढला, पेला कुणी, कधी, कशासाठी केला ते लिहिलं, खाली सही केली आणि तो त्याला दिला. "हा पेल्यात ठेवा. तुमच्यानंतर ज्याच्या हाती जाईल त्याला कळू दे."

रेज पुढच्या हिवाळ्यात वारला. बातमी म्युरिएलला दहा दिवस उशिरा कळली. ती धावत फेंटनला गेली, तर घर रिकामं. पुतण्यानं सामान उचलणाऱ्या माणसाला सगळं एकगठ्ठा देऊन टाकलं होतं. "सिंहाचा पेला? असेल बुवा," तो फोनवर म्हणाला. "कान फुटलेलं काय काय होतं तिथं. कागद वगैरे मी काही पाहिला नाही." सामान उचलणाऱ्यानं खांदे उडवले. म्युरिएल पुढे दोन वर्षं जुन्या बाजारांतून फिरली. पेला पुन्हा कुणी पाहिला नाही.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात मंडळाची सभा भरली, तेव्हा तिनं उभं राहून सगळं सांगायचं ठरवलं. जिथं हेटीला हसले, तिथंच. हॉल तोच होता, पण माणसं जेमतेम अकरा, त्यातली सात नवी. तिनं दोन्ही वह्यांतल्या नोंदी वाचून दाखवल्या. माझ्या यादीत चूक होती, मी बहिणीला सगळ्यांदेखत खोटं पाडलं, आणि ती खरी होती, असं स्वच्छ सांगितलं. मग खाली बसली.

एक नवीन गृहस्थ म्हणाले, "म्हणजे मुकुटाच्या ठशाची तारीख आता छत्तीस धरायची का? मग माझ्याकडची ताटली पुन्हा बघावी लागेल." दोघातिघांनी वह्या काढून तारीख दुरुस्त केली. जुन्यांपैकी एका बाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. "सत्त्याहत्तर ना? किती गर्दी होती! कोणता पेला म्हणालीस? मला बाई काहीच आठवत नाही. तो लंडनचा उंच माणूस तेवढा आठवतो."

म्युरिएल म्हणाली, "काही हरकत नाही."

क्लेम हॉलच्या दाराशी थांबला होता. दोघं टेकडीवरून खाली चालू लागली. गार्साइडच्या भट्ट्या पाडून झाल्या होत्या. तिथं आता गाड्या उभ्या करायची जागा होती.

"बोललीस ते बरं केलंस," क्लेम म्हणाला.

"लोकांना सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "त्यांना आठवतच नव्हतं. ज्या बाईला आठवत होतं तिच्या घरी मी चार वर्षं दर रविवारी जेवत होते."

क्लेमनं तिचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. उताराच्या वळणावर ती दम खायला थांबली, आणि मग दोघं घरी गेली.